बेसचं बटण वाढवूनही बेस ऐकू का येत नाही? गिटारवरून बेसकडे वळणाऱ्यांसाठी

गणपती जवळ आले की कोल्हापुरात आवाजावर बोलणं सुरू होतं. डॉल्बी लावायची की नाही, मर्यादा किती, मीटर कुठे धरणार, याच्या बातम्या येत राहतात. या सगळ्या चर्चेत ‘बेस’ म्हणजे छातीत बसणारा दणका, एवढाच अर्थ शिल्लक राहिला आहे. त्याच दिवसांत तालीम मंडळांच्या कार्यक्रमांसाठी, पुढे नवरात्रासाठी आणि कॉलेजच्या गॅदरिंगसाठी बँड जमत असतात. तिथली अडचण वेगळीच असते. गिटारवाले दोन-तीन, बेस वाजवणारा एकही नाही. मग त्यातल्या एकाच्या गळ्यात बेस गिटार पडते. ‘चारच तर तारा आहेत, त्याही ओळखीच्या’ असं म्हणत तो घरी सगळी गाणी बसवतो आणि स्टेजवर गेल्यावर कळतं की आवाज नुसता घुमतोय, सूर कुणालाच समजत नाही. बटण वाढवावं तर सगळ्या बँडचा चिखल होतो.

हा दोष सहसा वादकाच्या तयारीचा नसतो, गिटार-बेसच्या किमतीचा तर क्वचितच असतो. बेसचा सूर लोकांना खालच्या दणक्यातून नाही, तर मधल्या आवाजातून कळतो. आणि बेसची सफाई स्वर कधी सुरू केला यापेक्षा कधी थांबवला यावर जास्त ठरते. या दोन गोष्टी का खऱ्या आहेत आणि त्यासाठी नेमकं काय करायचं, ते पुढे पाहू.

तारा त्याच, पण एक सप्तक खाली

चार तारांच्या बेसचं ट्यूनिंग ई, ए, डी, जी. गिटारच्या वरच्या जाड चार तारांचीच ही नावं, फक्त प्रत्येक स्वर एक सप्तक खाली. गिटारची जाड ई सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते, म्हणजे ८२ हर्ट्झ. बेसची ई ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३ आणि जी ९८. हर्ट्झ हा शब्द पुढे येत राहील. त्याचा अर्थ एवढाच: सेकंदाला किती कंपनं.

आता ४१ हर्ट्झची तार छेडल्यावर फक्त ४१ हर्ट्झच निघत नाही. त्याच्या दुप्पट ८२, तिप्पट १२३, चौपट १६५ असे वरचे स्वरही त्याच तारेतून येतात. यांना उपस्वर म्हणू. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो असाच, मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा उपस्वर म्हणून. मिरजेचे कारागीर जवारी लावताना घोडीवर जी मेहनत घेतात ती हे वरचे स्वर खुलावेत म्हणूनच. बेसचंही तसंच आहे. मूळ ४१ हर्ट्झ अजिबात ऐकू आला नाही तरी ८२, १२३, १६५ ऐकून आपला मेंदू खालचा सूर स्वतःच जोडतो. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडणं शक्य नसतं, तरीही गाण्यातली बेसची चाल आपल्याला ओळखता येते ती यामुळे.

मंडळाच्या छोट्या कार्यक्रमात अनेकदा दोन बाजूंना पंधरा इंची स्पीकरचे दोन बॉक्स असतात, फक्त खालचा आवाज वाजवणारे वेगळे सबवूफर नसतात. असे बॉक्स ५०-६० हर्ट्झच्या खाली झपाट्याने गळतात. म्हणजे तुमच्या ई तारेचा मूळ स्वर तिथे जवळजवळ नसतोच. लोक ऐकतात ते उपस्वर. ते दबले असतील तर बेसही दबलाच.

मग बटण वाढवल्यावर काय होतं?

अँपवरचं ‘बेस’ लिहिलेलं बटण साधारणपणे १०० हर्ट्झच्या खालचा आणि आसपासचा भाग वाढवतं. आपला कान या भागात मंद असतो. मधल्या आवाजाइतकाच मोठा वाटण्यासाठी खालच्या स्वराला कितीतरी जास्त ताकद लागते. आणि ताकदीचा हिशोब कडक असतो. तीन डेसिबल वाढवायचे तर अँपला दुप्पट वॉट द्यावे लागतात, दहा डेसिबल वाढवायचे तर दहापट. बटण पूर्ण फिरवलं की अँपची सगळी शक्ती अशा जागी जाते जिथे कान धड ऐकत नाही आणि स्पीकर धड वाजत नाही. मधला भाग होता तिथेच राहतो, वरून अँप दमतो आणि आवाज फाटायला लागतो.

दुसरं, त्या खालच्या पट्ट्यात तुम्ही एकटे नसता. ड्रमची किक ५० ते ८० हर्ट्झमध्ये, ऑक्टोपॅडवर किकचा पॅड असेल तर तोही तिथेच, ढोलकीची जाड बाजू आणि तबल्याचा डग्गा थोडे वर. त्यात आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाल्याचा डावा हात. बेस वाजवणारा नसल्याने तो वर्षानुवर्षं डाव्या हाताने बेस भरत आलेला असतो आणि तुम्ही आलात तरी सवयीने भरत राहतो. सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, फाटकातून दोन एसट्या एकाच वेळी बाहेर काढायला गेल्यावर जे होतं, तेच इथे होतं. कुणीच पुढे सरकत नाही. म्हणून पहिल्याच प्रॅक्टिसला कीबोर्डवाल्याशी स्पष्ट बोलून घ्या: डावा हात मधल्या सी-च्या जवळ ठेवा, त्याखाली येऊ नका. बटण फिरवण्याआधी एवढं एकच केलं तरी अर्धा चिखल जातो.

दहा बाय बाराची खोली फसवते

घरी सुरेख वाटलेला टोन स्टेजवर वेगळा का लागतो? समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतरानुसार खोली काही ठरावीक स्वर फुगवते. दहा फुटांच्या अंतराला हा स्वर साधारण ५६ हर्ट्झ येतो, म्हणजे बेसची मोकळी ए तार. बारा फुटांना ४७ हर्ट्झ, म्हणजे ई तारेवरच्या दुसऱ्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) एफ शार्पच्या जवळ. दहा बाय बाराच्या खोलीत सराव करणाऱ्याला हे दोन स्वर दणदणीत आणि बाकीचे फिके वाटणार. मग तो नकळत ए हलक्या हाताने वाजवायला शिकतो, आणि उघड्या मैदानावर गेल्यावर ए नाहीसा होतो.

उपाय सोपा आहे. खोलीत टोन ठरवायचाच नाही. सराव हेडफोनवर करा आणि सगळे स्वर सारख्या ताकदीने निघतात का ते तपासा. अँपवरच करायचा असेल तर अँप कोपऱ्यातून बाहेर ओढा, कारण कोपरा खालचा आवाज सर्वांत जास्त फुगवतो.

मंगल कार्यालयात गोष्ट उलट असते. गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती, वर पत्रा. तिथे स्वर थांबल्यावरही हॉल बोलत राहतो. मांडवातल्या स्टेजचं फळ्यांचं पोकळ व्यासपीठ तर स्वतःच ढोलासारखं वाजतं. अँप थेट फळीवर न ठेवता प्लास्टिकच्या क्रेटवर किंवा मजबूत खुर्चीवर ठेवला की फळी कमी थरथरते. शिवाय स्पीकरचं तोंड गुडघ्याऐवजी कानाकडे येतं, त्यामुळे तुम्हाला स्वतःचा मधला आवाज ऐकू येतो आणि कमी व्हॉल्यूमवर भागतं.

टोनचा मोठा हिस्सा बोटांत

गिटारवाला बेस हातात घेतो तेव्हा डोकं गिटारचंच असतं: कॉर्ड झणकारत ठेवायची, मोकळ्या जागा भरायच्या. बेसवर यातलं बरंच सोडावं लागतं.

आधी अंतर. गिटारच्या तारेची वाजती लांबी साधारण साडेपंचवीस इंच, नेहमीच्या बेसची ३४ इंच. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर गिटारवर पावणेदहा सेंटिमीटर, बेसवर तेरा. एका फ्रेटला एक बोट हा गिटारचा नियम खालच्या फ्रेटवर लावला तर मनगट दुखतं आणि करंगळीचा स्वर अर्धवट दाबला जाऊन खरखरतो. पाचव्या फ्रेटच्या खाली तीन फ्रेटमागे पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरा, तिसरं बोट चौथ्याच्या मदतीला. डबल बेस वाजवणारे पूर्वीपासून असंच करतात. बोट फ्रेटच्या अगदी मागे टेकलं पाहिजे. मध्यावर दाबलं तर जास्त जोर लागतो.

उजव्या हाताने तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने. तार छेडून बोट वर उचलायचं नाही, मागच्या जाड तारेवर विसावायचं. त्याने आवाज भरीव येतो आणि मागची तार आपोआप बंद राहते. कुठे छेडता हे सर्वांत मोठं टोनचं बटण आहे. नेकजवळ छेडलं तर गोल, मऊ, पण स्टेजवर हरवणारा आवाज. ब्रिजजवळ कडक, बारीक, सूर स्पष्ट. लाइव्हसाठी पिकअपच्या, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकाच्या पट्टीच्या, वर किंवा तिथून ब्रिजकडे दोन बोटं सरकून सुरुवात करा. साउंडवाल्याला काही सांगण्याआधी हात सरकवून पाहा.

जोर ही दुसरी अडचण. स्टेजवर स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून माणूस तार ओढायला लागतो. जोरात ओढलेली तार फ्रेटवर आपटते, सुरुवातीचा क्षणभर सूर चढतो आणि मग आवाज लगेच पडतो. म्हणजे खट्‌ एवढंच पुढे जातं, स्वर जात नाही. मॉनिटरमधला आवाज वाढवून घ्या आणि हात हलका ठेवा. हलक्या हाताला स्वर जास्त वेळ टिकतो.

आता सगळ्यांत कळीची गोष्ट: थांबवणं. तुम्ही डी तारेवर वाजवत असता तेव्हा मोकळ्या ई आणि ए तारा शेजारच्या कंपनाने आपण होऊन बोलतात. गिटारवर अशी झणक गोड लागते. बेसवर त्याचा अर्थ प्रत्येक कॉर्डच्या पोटात ४१ हर्ट्झची एक भलतीच गुणगुण. साउंडवाला ती काढायला खालचा भाग कापतो आणि त्याबरोबर तुमचा स्वरही जातो. म्हणून उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर खिळवून ठेवू नका. ई वाजवताना तो पिकअपवर, ए वाजवताना ई तारेवर, डी-जी वाजवताना ए तारेवर सरकवा आणि अंगठ्याच्या कडेने ई झाका. वरच्या बारीक तारा डाव्या हाताची रिकामी बोटं आडवी टेकवून बंद ठेवायच्या. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण याला पर्याय कुठल्याही पेडलमध्ये नाही.

स्वराची लांबी तालाबरोबर ठरवायची. केरवा घ्या: धा गे ना ती, ना क धि न. डग्गा पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर बोलतो. ‘धा’वर मूळ स्वर वाजवा आणि तिसऱ्या मात्रेच्या ‘ना’आधी बोट सैल करून तो पूर्ण बंद करा. पुढचा ‘धि’वर. ढोलकीवाल्याबरोबर या दोनच ठोक्यांवर पाच मिनिटं वाजवा. मग तेच वाजवताना स्वर बंद न करता सलग लांबवून पाहा. मोकळी जागा ठेवली की ढोलकी उठते आणि बेसही मोठा वाटतो, बटण न हलवता. हा फरक समोर बसून ऐकण्यासारखा आहे.

कापो नाही, मग गायकाची पट्टी कशी सांभाळायची?

गायक ‘काळी एक’ (पेटीवरची सी शार्प) म्हणतो, गिटारवाला कापो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबणारा चिमटा, लावून ओळखीच्या आकारात मोकळा होतो. बेसवर ती सोय नाही, पण गरजही नाही. बेसवर आकार मोकळ्या तारांवर अवलंबून नसतात, ते जसेच्या तसे वर-खाली सरकतात. फक्त षड्ज कुठे ते पाठ पाहिजे. पांढरी एक म्हणजे ए तारेचा तिसरा फ्रेट, काळी एक चौथा, पांढरी दोन पाचवा, काळी दोन सहावा. पांढरी चार ई तारेचा पहिला फ्रेट, काळी तीन दुसरा, पांढरी पाच तिसरा, काळी चार चौथा. पंचम पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर, तार षड्ज मधली एक तार सोडून त्यापुढच्या तारेवर दोन फ्रेट वर. एवढ्यावर निम्मी गाणी निघतात.

मात्र मोकळ्या तारा टाळा, विशेषतः काळीच्या पट्ट्यांत. मोकळी तार दाबलेल्या तारेपेक्षा जास्त झणझणते आणि थांबवायला अवघड.

चुकीचा स्वर बेसवर महाग पडतो हेही लक्षात असू द्या. सगळे सी मेजर वाजवत असताना तुम्ही खाली ए लावला तर ऐकणाऱ्याला ए मायनर सेव्हन ऐकू येतो. गिटारवाल्याच्या हातातली कॉर्ड तुम्ही बदललेली असते. शंका असेल तिथे थांबलेलं बरं. आणि खालच्या फ्रेटवर दोन-तीन स्वर एकत्र वाजवू नका. तिथे जवळचे दोन स्वर एकमेकांत घरघरतात.

कार्यक्रमाआधी बेस नीट लावून घ्या

कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, नेकचा बाक बदलतो आणि गणपतीच्या तोंडावर तारा खडखडायला लागतात किंवा उंच होतात. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक बॉडीला मिळतो तिथे एकाच वेळी दाबा. मधल्या भागात, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेटमध्ये ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट हवी. जास्त असेल तर नेकमधला ट्रस रॉड घट्ट, कमी असेल तर सैल, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. जड जायला लागला तर थांबा आणि जाणकाराला दाखवा. रॉड तुटला तर नेक गेला. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची ई-ला अडीच मिलिमीटर, जी-ला दोन, ही सुरक्षित जागा.

तारा ४५ ते १०५ या जाडीच्या घ्या, म्हणजे ०.०४५ ते ०.१०५ इंच. गुळगुळीत पट्टी गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड तारा जुन्या हिंदी-मराठी गाण्यांना शोभतात. गोल तार गुंडाळलेल्या राउंडवाउंड जास्त चमकतात आणि गर्दीत पटकन ऐकू येतात. राउंडवाउंड लावूनही जुना टोन हवा असेल तर ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी सरकवा. तारांना जेमतेम टेकली पाहिजे, दाबली तर सूर मरतो.

बेसपासून मिक्सरपर्यंतची वाट

बेसची वायर सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसली की आवाज मेल्यासारखा येतो. कारण बॅटरी नसलेल्या, म्हणजे पॅसिव्ह बेसच्या पिकअपचा सिग्नल नाजूक असतो. मिक्सरचं लाइन इनपुट त्याच्यावर भार टाकतं आणि वरचा आवाज खाऊन टाकतं. मध्ये डीआय बॉक्स हवा. हा डबा बेसचा सिग्नल मिक्सरला मानवेल अशा रूपात बदलून माइकच्या तीन पिनांच्या वायरने पुढे पाठवतो, त्यामुळे लांबच्या वायरीतही खरखर येत नाही. पॅसिव्ह बेसला ॲक्टिव्ह डीआय घ्यावा. तो मिक्सरच्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर किंवा बॅटरीवर चालतो. मिक्सरवर फँटम चालू आहे ना, हे विचारून घ्या. डीआय मुका असण्याचं हे नेहमीचं कारण.

ॲक्टिव्ह बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि वायर खोचली की ती खर्च व्हायला लागते. घरी गेल्यावर वायर काढून ठेवा. आवाज फाटल्यासारखा, बारीक येऊ लागला तर आधी बॅटरी बदला, मग साउंडवाल्याशी बोला.

घुंघुं येत असेल तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट दाबून पाहा. थ्री-पिनची अर्थिंगची पिन कापून किंवा वाकवून घुंघुं घालवायचा प्रकार अजून दिसतो. तो जीवघेणा आहे. जनरेटरवरचा मांडव, ओली जमीन, एका हातात तारा आणि ओठांना माइक लागला तर करंट तुमच्यातून जातो. घुंघुं चालेल, हे नाही. दोन सिंगल पिकअपचा जॅझ प्रकारचा बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवा, म्हणजे एकाची गुणगुण दुसरा मारतो.

वेगळा हेड (नुसता अँप) आणि कॅबिनेट (स्पीकरचा बॉक्स) असतील तर मधली वायर स्पीकरची जाड वायर हवी, गिटारची नाही. आठ ओमचे दोन कॅबिनेट जोडले की चार ओम होतात. हेडवर लिहिलेल्या किमान ओमच्या खाली जाऊ नका.

साउंडचेकला नेमकं काय करायचं

सगळी टोनची बटणं मधोमध, पॅसिव्ह बेसचं टोन पूर्ण उघडं. कार्यक्रमात सर्वांत जोरात जे वाजवणार तेच वाजवा आणि गेन हळूहळू वाढवा. क्लिपचा लाल दिवा लुकलुकला की थोडा मागे या. साउंडचेकला हळू आणि कार्यक्रमात जोरात वाजवणारा वादक साउंडवाल्याचा सगळा हिशोब मोडतो.

मग एकटं नाही, किक किंवा ढोलकीबरोबर वाजवा. एकट्याने ऐकलेला टोन फसवा असतो. एकट्याला जो भरीव, मखमली वाटतो तोच बँडमध्ये बुडतो, आणि एकट्याला जरा नाकात बोलल्यासारखा वाटतो तो बँडमध्ये नेमका बसतो. हे स्वीकारणं गिटारवाल्याला सर्वांत जड जातं, पण माझ्या मते इथेच लाइव्ह टोन सापडतो.

साउंडवाल्याला ‘जरा बेस द्या’ असं न सांगता आकड्यांत सांगा. ४० हर्ट्झच्या खालचं कापा, तिथे कामाचं काही नाही. २५० हर्ट्झच्या आसपास तीन डेसिबल कमी करा, गढूळपणा तिथे असतो. ७०० ते ८०० हर्ट्झला तीन डेसिबल वाढवा, सूर तिथे कळतो. बोटांची किटकिट त्रास देत असेल तर अडीच-तीन हजारच्या आसपास थोडं कमी. किकला ६० हर्ट्झपाशी जागा दिली असेल तर तुमचा जोर १०० हर्ट्झच्या वर ठेवायला सांगा, किंवा याच्या उलट. दोघांनी एकाच जागेसाठी भांडायचं नाही. काँप्रेसर, म्हणजे मोठे ठोके दाबून लहान ठोक्यांच्या जवळ आणणारं यंत्र, असेल तर चारास एक प्रमाण, ३० मिलिसेकंद अटॅक, १५० रिलीज आणि मोठ्या ठोक्याला तीन ते पाच डेसिबल घट. अटॅक फार जलद ठेवला तर बोटाची सुरुवातच गायब होते.

शेवटी बेस दुसऱ्याच्या हातात द्या आणि समोर प्रेक्षकांत जाऊन उभे राहा. खालचा आवाज सगळ्या दिशांना पसरतो, वरचा सरळ पुढे जातो. म्हणून स्पीकरच्या मागे उभ्या वादकाला नेहमीच फक्त घुमणं ऐकू येतं. स्टेजवरून टोन ठरवला तर तो चुकणारच. दोन्ही बाजूंना सब असतील तर मधोमध दणका जास्त आणि बाजूला कमी असतो, तेव्हा मधून थोडं एका अंगाला सरकून ऐका.

काही रास्त शंका

गिटारलाच ऑक्टेव्ह पेडल लावलं तर? सरावाला चालतं. एकेक स्वर वाजवला तर सूर खाली येतो, पण जलद किंवा दोन तारा एकत्र वाजल्या की पेडल गोंधळतं, आणि जाड तारेचं वजन येत नाही.

गिटारच्या अँपवर बेस? घरी हळू आवाजात हरकत नाही. मोठ्या आवाजात गिटारचा स्पीकर खालच्या स्वरांना पुढे-मागे जास्त हलतो आणि त्याचा कागद किंवा कॉइल जाते. गिटारला ३०-५० वॉटचा ट्यूब अँप पुरतो. जोरदार ड्रमबरोबर बेसला दोन-तीनशे वॉट लागतात, ते कानाच्या मंदपणामुळे.

पिकने वाजवणं कमीपणाचं का? अजिबात नाही. अमेरिकेतल्या कॅरोल के मूळच्या गिटारवादक. १९६३ साली एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून त्यांनी बेस उचलला. पुढे त्या तिथल्या सर्वांत मागणी असलेल्या बेसवादकांपैकी एक झाल्या, त्याही पिकने वाजवून आणि तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून. पिकने सुरुवात स्पष्ट येते. तळहाताची कड ब्रिजवर हलकी टेकवली की स्वर आपोआप आखूड होतो. गिटारवाल्याला हा रस्ता जवळचा आहे, पहिल्या कार्यक्रमासाठी बिनधास्त घ्या.

चार तारा की पाच? पाचवी तार खालची बी, ३१ हर्ट्झ. काळी दोनचा षड्ज तिच्यामुळे खाली मिळतो, पण आपल्याकडचे बहुतेक स्पीकर तो वाजवूच शकत नाहीत आणि बंद ठेवायला आणखी एक तार वाढते. आधी चार.

मायनस ट्रॅकवर, म्हणजे गायकाचा आवाज काढलेल्या तयार संगीतावर, गाणं असेल तर? त्यात बेस असतोच. त्यावर तुम्ही वाजवलात तर दोन बेस एकमेकांना गिळतात. एक तर बेस काढलेला ट्रॅक मागवा, नाहीतर त्या गाण्याला बसून राहा.

आवाजाची मर्यादा पाळून बेस उरतो का?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. आवाज कमी केला की कानाला खालचा भाग आधी दिसेनासा होतो, मधला टिकतो. म्हणून ज्याचा सगळा टोन १०० हर्ट्झच्या खाली आहे तो वादक आवाज कमी केल्याबरोबर संपतो, आणि ज्याचा सूर ७०० हर्ट्झच्या आसपास उभा आहे तो ऐकू येत राहतो.

यात एक खाच आहे. नियमातलं माप मानवी कानाला जुळवलेलं आहे. त्यात ६३ हर्ट्झचा आवाज प्रत्यक्षापेक्षा २६ डेसिबल कमी मोजला जातो. मीटर शांत दिसला तरी पलीकडच्या घरातलं कपाट थरथरत असू शकतं, कारण खालचा आवाज भिंतीतून पार जातो. तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा आणि तान्ह्या मुलांचा विचार मीटरवर सोडू नये. ४० हर्ट्झच्या खालचं कापणं आणि स्वर वेळेवर बंद करणं शेजाऱ्यांच्या तितकंच उपयोगाचं आहे.

हॉल रिकामा असताना साउंडचेक झाला असेल तर आणखी एक बदल धरून चला. माणसं भरली की कपडे आणि अंगं मधला-वरचा आवाज शोषतात, खालचा फारसा नाही. त्यामुळे पहिल्या गाण्याला बेस अचानक जाड वाटतो. तेव्हा बेसचं बटण दोन डेसिबल मागे आणि ८०० हर्ट्झ एक-दोन डेसिबल पुढे. साउंडवाल्याला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे गाणं चालू असताना खुणा करत बसावं लागत नाही.